पाचारण कळल्यावर 'सवडीने बघू' म्हणणं

पहाटेचा_पहारा

सर्वांना सलाम.

आमच्या अभ्यासगटात सध्या बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक चालू आहे. चोविसाव्या अध्यायापाशी आलो आणि तो फेलिक्स डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

फेलिक्स हा यहूदियाचा रोमन सुभेदार. मूळचा गुलाम, पुढे मुक्त झालेला. त्याची बायको द्रुसिल्ला ही राजा हेरोद अग्रिप्पाची मुलगी. ती दुसऱ्याची बायको असताना फेलिक्सने मध्यस्थ घालून तिला नवऱ्यापासून फोडलं, असं इतिहासकार योसेफस सांगतो. हे दोघे कैसरियात कैदेत असलेल्या प्रेषित पौलाला बोलावून घेतात, ख्रिस्तावरच्या विश्वासाविषयी ऐकायला. आणि पौल बोलतो कशावर? नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय. समोर कोण बसलंय हे पुरतं ठाऊक असून बोलतो. न्यायासनावर बसणारा माणूस बेड्या घातलेल्या कैद्यापुढे घाबरतो आणि म्हणतो, "आता जा, संधी सापडली म्हणजे तुला बोलावीन."

इथपर्यंत आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मी अडलो ते पुढच्या वचनापाशी. फेलिक्सला सवड मिळाली! त्याने पौलाला पुन्हा पुन्हा बोलावलं, त्याच्याशी संभाषण केलं. दोन वर्षं हे चाललं. पण आता त्याच्या मनात पौलाकडून पैसे सुटतात का, हा हिशेब होता. तो घाबरल्याचा उल्लेख पुन्हा एकदाही येत नाही. दोन वर्षांनी त्याच्या जागी फेस्त आला, आणि यहूद्यांची मर्जी राखायची म्हणून पौलाला तसाच बंदीत ठेवून हा निघून गेला.

चालढकल केली की देवाचं बोलणं बंद पडतं, असं नाही. बोलणं चालूच राहतं. उपासना चालू, वचन वाचणं चालू, उपदेशावर चर्चासुद्धा चालू. पहिल्यांदा ऐकताना आत जे हललं होतं ते मात्र हलायचं थांबतं. आणि ते थांबलं हे कळतही नाही, कारण बाहेरून सगळं आधीपेक्षा जास्तच धार्मिक दिसत असतं. मला याची खरी भीती वाटते. इब्री ३ मधला "आज जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर आपली मने कठीण करू नका" हा इशारा बाहेरच्या लोकांना दिलेला नाही, मंडळीत बसणाऱ्यांना दिलेला आहे.

पाचारण म्हणजे पाळक, फादर किंवा सिस्टर होणं एवढंच मला म्हणायचं नाही. कुणाला विश्वास ठेवण्याचं बोलावणं असेल, कुणाला बाप्तिस्म्याचं, कुणाला एखाद्या सेवेचं, कुणाला एका माणसाची क्षमा मागण्याचं. कळलेलं असतं. तरी आपण थांबतो. का थांबतो, आणि थांबणं कधी योग्य असतं, यावर बोलूया का?

---

काठावर

विषय चांगला आहे, पण मला 'लगेच' या शब्दाची धास्ती आहे, आणि ती उगीच नाही.

मोठ्या सभांमध्ये शेवटी संगीत हळू होतं, डोळे मिटायला सांगतात, "आज रात्री तुमचा अपघात झाला तर?" असं विचारतात आणि हात वर करायला लावतात. शेजारचा हात वर करतो म्हणून आपणही करतो. त्यातले कितीतरी जण पुढे दिसत नाहीत. येशूने स्वतः पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीबद्दल सांगितलंय: वचन ऐकून ते *लगेच* आनंदाने स्वीकारतो, पण मूळ नसतं, संकट आलं की अडखळतो. आणि लूक १४ मध्ये बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा अंदाज करायला सांगितलंय. मग घाई करा असं शास्त्र कुठे म्हणतं?

माझ्यापुरतं सांगायचं तर मी बरीच वर्षं काठावर आहे. नाव त्यावरूनच घेतलंय.

---

मोहरीचा_दाणा

वाचतेय. काठावर यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे.

---

पहाटेचा_पहारा

@काठावर, तुम्ही सांगितलेल्या सभा मलाही खटकतात. भीती घालून घेतलेला होकार हा त्या माणसाचा होकार नसतो, बोलणाऱ्याच्या आवाजाचा परिणाम असतो. येशू असं करत नव्हता. उलट त्याने उत्साही माणसांना आवरलं आहे. "तुम्ही जिथे जाल तिथे मी येईन" म्हणणाऱ्याला तो सांगतो की कोल्ह्यांना बिळं आहेत, पाखरांना घरटी आहेत, पण मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला ठिकाण नाही. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्याला परत बोलावण्यासाठी 'सगळं विकून गरिबांना दे' ही अट सैल केली नाही. म्हणून दुसऱ्याला घाई करायचा अधिकार आपल्याला नाही, असं मी मानतो. 'आज' हा शब्द आधी स्वतःला ऐकवायचा.

आता तो बुरूज. अंदाज करायला माणूस *बसतो*. कागद घेतो, आकडे मांडतो, उठतो तेव्हा हो किंवा नाही ठरलेलं असतं. पण आपल्यापैकी बरेच जण बसतच नाहीत. विचार करतोय असं म्हणतो, पण काय काय सोडावं लागेल, कुणाला काय सांगावं लागेल, पैशाचं काय, हे कधी एका जागी मांडत नाही. खर्चाची भीती बाळगणं वेगळं आणि खर्च मोजणं वेगळं. मोजायला एक संध्याकाळ पुरते, भीती मात्र आयुष्यभर बाळगता येते.

आणि खडकाळ जमिनीत दोष लगेच स्वीकारण्याचा नाही, मूळ नसण्याचा आहे. बी पिशवीत ठेवून दिलं तर मूळ धरेल का?

---

नांगरधारी

अलीशाची गोष्ट इथे फार उपयोगी आहे (१ राजे १९). बारा जोड्यांनी नांगरणी चाललीय, बाराव्या जोडीमागे तो स्वतः आहे. म्हणजे घर चांगलं खातंपितं. संदेष्टा एलीया जवळून जातो, आपला झगा त्याच्या अंगावर टाकतो आणि पुढे चालू लागतो. भाषण नाही, काही नाही. अलीशा बैल सोडून मागे धावतो आणि आईबापांचा निरोप घेऊन येतो म्हणतो. एलीया त्याला अडवत नाही.

आता तो परत जाऊन काय करतो बघा. बैलांची जोडी कापतो, औतांच्या लाकडावर ते मांस शिजवतो, लोकांना जेवू घालतो आणि निघतो. निरोप घ्यायला वेळ घेतला, पण त्या वेळात परतीची सोय मोडून टाकली. लूक ९ मध्ये "आधी घरच्यांचा निरोप घेऊ द्या" म्हणणाऱ्याला येशू नांगराला हात घालून मागे पाहण्याबद्दल का बोलतो, ते या गोष्टीशेजारी ठेवून वाचलं की उलगडतं. निरोपाला येशूची हरकत असावी असं मला वाटत नाही. त्या माणसाच्या 'आधी' या शब्दाला आहे. तिथे दोघे जण "प्रभू, आधी मला..." असंच म्हणतात.

आणखी एक. एवढं मोठं पाचारण, आणि पुढे अलीशाची ओळख कशी दिली जाते? "एलीयाच्या हातांवर पाणी घालणारा" (२ राजे ३). हो म्हटल्यावर वाट्याला आलेलं काम हे होतं.

---

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, म्हणून मला आयडा स्कडर आठवली. ती मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यातली. अमेरिकेतून शिकून वडिलांकडे दक्षिण भारतात आली तेव्हा आपण इथे राहायचं नाही, हे तिचं पक्कं होतं. एका रात्री तीन वेगवेगळे पुरुष एकामागून एक दारात आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. तिघांनाही बाई डॉक्टर हवी होती. तिचे वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाने तपासणं त्यांना मान्य नव्हतं. आयडा काहीच शिकलेली नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या.

तिचं उत्तर त्या रात्रीनंतर ठरलं, पण ती दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडून बसली नाही. परत जाऊन वैद्यकीय शिक्षण घेतलं, १८९९ मध्ये पदवी मिळवली, मग वेल्लोरला आली. १९०२ मध्ये रुग्णालय, १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा. आज ज्याला आपण सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) म्हणतो ते हेच.

मला या गोष्टीत हे दिसतं की उत्तर द्यायला तिने वेळ लावला नाही, तयारीला हवा तेवढा वेळ दिला. शिकत असलेला माणूस थांबलेला नसतो. त्याच्याकडे तारखा असतात, परीक्षा असतात, पुढची पायरी असते. "कधीतरी शिकेन" म्हणणाऱ्याकडे यातलं काही नसतं. आपण तयारी करतोय की टाळतोय हे ओळखायला मी स्वतःला एवढंच विचारते: पुढची पायरी कोणती, आणि कोणत्या वारी?

---

मोहरीचा_दाणा

रात्रपाळीताई, धन्यवाद. आता माझा प्रश्न विचारते.

मला एका संस्थेत पूर्ण वेळ सेवेसाठी बोलावलं गेलंय. आतूनही ओढ आहे, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही दुजोरा दिलाय. पण आई अंथरुणाला खिळलेली आहे. दिवस तिच्याभोवतीच जातो. कूस बदलायची, औषधाच्या वेळा पाळायच्या, चादर ओली झाली की तिला एका अंगावर वळवून अर्धी काढायची, अर्धी नवी घालायची, मग दुसऱ्या अंगावर. हे एकटीने करायची एक हातोटी असते, ती मला आली आहे. भाऊ पैसे पाठवतो, पण इथे कुणी नाही.

"मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे" हे वचन माझ्या छातीवर दगडासारखं आहे. मी फेलिक्स आहे का?

---

पहाटेचा_पहारा

नाही, ताई. मुळीच नाही.

---

नांगरधारी

ताई, मार्कच्या पहिल्याच अध्यायात बघा. शिमोन आणि अंद्रिया जाळी टाकून निघाले, हे सोळा ते अठरा वचनांत. एकोणतीस ते एकतीस वचनांत कुठे आहेत ते? शिमोनाच्याच घरी! त्याची सासू तापाने पडलीय, आणि येशू आधी तिच्या खाटेशी जातो, हात धरून तिला उठवतो. ज्याने पेत्राला ताबडतोब मागे यायला लावलं, त्यानेच त्याच्या घरच्या आजारी बाईकडे पहिलं लक्ष दिलं. मार्क ७ मध्ये तर तो परूश्यांना झापतो, कारण ते "कुर्बान" म्हणजे देवाला वाहिलेलं असं सांगून आईबापांना मदत नाकारू देत होते. देवाचं काम पुढे करून आईला टाकणं त्याला चीड आणतं. आणि वधस्तंभावर, जेव्हा जगाच्या तारणाचं काम चालू होतं, तेव्हा त्याने आईची सोय लावली.

"आधी बापाला पुरून येतो" म्हणणारा लूक ९ मधला माणूस आणि तुम्ही यांच्यात फरक आहे. त्याच्या बोलण्यावरून कितीतरी अभ्यासकांना वाटतं की त्याचा बाप त्या दिवशी मेलेला नव्हताच, तो मरेपर्यंत थांबतो असं तो म्हणत होता. तो एक कारण सांगत होता. तुम्ही एक काम करत आहात.

---

रात्रपाळी

ताई, मी एवढंच जोडते. हो म्हणायला आईची अडचण नाही, कुठून सुरुवात करायची एवढाच प्रश्न आहे. त्या संस्थेला पत्र लिहा: माझं उत्तर हो आहे, माझी परिस्थिती ही आहे, इथे बसून तुमचं कोणतं काम करता येईल? भाषांतर, हिशेब, फोनवर कुणाशी बोलणं, काहीतरी असेलच. आणि भावाला फक्त पैसे पाठवू देऊ नका. आळीपाळीने येऊन राहायला सांगा. सेवेचं बोलावणं घरातल्या एकालाच येतं असं थोडंच आहे?

चादरीची हातोटी मी शिकाऊ मुलींना शिकवते. ती सेवा आहे हे वेगळं सांगायला नको.

---

मोहरीचा_दाणा

भावाला आजपर्यंत कधी सरळ विचारलंच नाही. आज रात्री फोन करते.

---

शेवंती

दुसरी एक बाजू मांडते. एकाने लगेच पाऊल उचललं की त्याची झळ दुसऱ्याला बसते, त्यावर आपण बोलत नाही.

नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचत गेले, पत्रव्यवहार करत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना आधी विश्वासात घेतलं नव्हतं. त्यांच्यावर आकाश कोसळलं, पुढची काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. नंतर लक्ष्मीबाई त्याच वाटेवर आल्या, पण त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पायांनी आल्या.

टिळकांनी बाप्तिस्मा घ्यायला नको होता असं मी म्हणत नाही. त्यांचं पाचारण खरं होतं, पुढच्या पंचवीसेक वर्षांनी ते सिद्ध केलं. पण घरच्या माणसाला बातमी बाहेरून कळू नये. बाप्तिस्म्याचा निर्णय घेतलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते: परवानगी मागायची गरज नाही, पण सांगायला धीर लागतो आणि तो धीर दाखवणं हा आज्ञापालनाचाच भाग आहे. गुपचूप उरकलेली गोष्ट धाडसाची दिसते. समोर बसून सांगणं त्याहून अवघड असतं.

---

अरुणोदय

शेवंतीताईंनी माझ्या मनातलं लिहिलं. मी जन्माने ख्रिस्ती नाही. विश्वास ठेवतो, प्रार्थना करतो, बाप्तिस्मा व्हायचाय. पाळक म्हणतात, आधी तयारीचे वर्ग पूर्ण करा. एक मित्र म्हणतो, इथिओपियाच्या षंढाने कुठले वर्ग केले होते? त्याला पाणी दिसलं, त्याने "मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे?" विचारलं, रथ थांबवायला सांगितला आणि फिलिप्पाने तिथेच दिला. कुणाचं ऐकू?

---

जुनीपोथी

मंडळीचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दोन्ही प्रथा जुन्या आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत बाप्तिस्मा जवळपास नेहमी त्याच दिवशी होतो. पन्नासाव्या दिवशी (पेन्टेकॉस्टच्या सणाला) सुमारे तीन हजारांचा, कर्नेल्याच्या घरी लगेच, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा त्याच रात्री. पुढच्या शतकांत लोक मूर्तिपूजक पार्श्वभूमीतून येऊ लागले, छळही होत होता, तेव्हा मंडळीने शिक्षणाचा काळ ठरवला, काही ठिकाणी तो तीन वर्षांपर्यंतचा होता. त्या काळात माणूस उमेदवार म्हणून मंडळीत असायचा, वचन ऐकायचा, गरिबांची सेवा करायचा, आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या (ईस्टरच्या) रात्री पाण्यात उतरायचा. ही दिरंगाई नव्हती. दार त्याच्यासाठी उघडलेलं होतं आणि तो आत चालत होता.

खरी दिरंगाई आली चौथ्या शतकात, धर्म सुरक्षित झाल्यावर. बाप्तिस्म्याने सगळी पापं धुतली जातात, मग तो शेवटी घेतलेला बरा, असा हिशेब लोक करू लागले. सम्राट कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा ३३७ मध्ये, मृत्युशय्येवर झाला. त्यावर नाझियांझसचा ग्रेगरी, थोरला बॅसिल अशा धर्मगुरूंनी कडक उपदेश केले. बॅसिलचा रोख साधारण असा की तारुण्य वासनांना देणार आणि उरलेला निकामी देह देवाला देणार का?

याच काळातला अँब्रोस मला फार आवडतो. तो मिलानचा प्रांताधिकारी. ३७४ मध्ये नव्या बिशपच्या निवडीवरून दोन तट पडले, दंगल होऊ नये म्हणून हा चर्चमध्ये गेला, आणि लोकांनी त्यालाच बिशप करा असा गजर केला. त्याचा तर बाप्तिस्माही झालेला नव्हता! त्याने टाळायचा खूप प्रयत्न केला, पण शेवटी मान तुकवली. बाप्तिस्मा झाला आणि आठवड्याभरात तो बिशप झाला. मग त्याने आपली संपत्ती वाटून टाकली आणि अभ्यासाला बसला. स्वतः शिकायच्या आधी शिकवायची वेळ माझ्यावर आली, असं तो लिहितो.

आणि त्याच अँब्रोसने बाप्तिस्मा दिलेला ऑगस्टीन हा आपल्या धाग्याचा खरा नायक. तरुणपणी त्याची प्रार्थना काय होती? "मला शुद्धता दे, पण आत्ताच नको." ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत त्याचा बांध फुटला. "उद्या, उद्या" असं किती काळ म्हणू, आत्ताच का नाही, असं तो रडत म्हणत होता. त्याला बुद्धीने सगळं आधीच पटलेलं होतं, हे विशेष. शंका फिटायची तो वाट बघत नव्हता. सवयी सुटायची वाट बघत होता. त्या सुटत नव्हत्या, कारण तो वाट बघत होता. बाप्तिस्मा मात्र पुढच्या वर्षीच्या पुनरुत्थानाच्या सणाला, ३८७ मध्ये झाला. मधले महिने त्याने तयारीत घालवले.

तेव्हा अरुणोदय, वर्ग करा. त्या षंढाकडेही शिक्षक होताच. यशयाची गुंडाळी हातात होती आणि फिलिप्प शेजारी बसून उलगडून सांगत होता. तुमच्या पाळकांना फक्त एक विचारा, वर्ग कधी संपतील आणि बाप्तिस्मा कोणत्या सणाला होईल?

---

अरुणोदय

विचारतो. आणि घरी आधी सांगतो, शेवंतीताई.

---

काठावर

एवढं सगळं वाचलं. जुनीपोथी यांचा ऑगस्टीन मला लागला. पण माझी अडचण सवयींची नाही. मला पुरता विश्वासच बसत नाही. काही दिवस बसतो, काही दिवस नाही. अशा अवस्थेत हो म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नाही का?

---

शेवंती

खोटं नाही. मार्क ९ मधला आजारी मुलाचा बाप काय ओरडला? "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एका दमात दोन्ही. येशूने त्याला घरी जा, विश्वास पुरा झाला की ये, असं सांगितलं नाही. मुलाला बरं केलं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्यांनीच पुढे साक्ष दिली आहे की त्या वेळी धर्म सापडला होता, ख्रिस्त स्वतः गवसला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. मधल्या वर्षांत त्या हात बांधून बसल्या नाहीत, विधवांसाठी काम उभं केलं. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, तेव्हा ठेवायची सोय पुरेशी आहे का याची वाट पाहिली नाही.

---

पहाटेचा_पहारा

@काठावर, योहान ७:१७ वाचा. देवाच्या इच्छेप्रमाणे *करायची* ज्याची इच्छा आहे त्याला शिकवणीविषयी समजेल, असं तिथे आहे. आपण क्रम उलटा लावतो, आधी समजू दे, मग करीन. काही गोष्टी करणाऱ्यालाच समजतात.

फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी माझ्या डोळ्यांसमोर येतो. मध्यरात्र, भूकंप, तो स्वतःवर तलवार उगारतो, पौल त्याला थांबवतो. त्याला ख्रिस्ताविषयी कितीसं कळलं असेल त्या एका रात्रीत? पण "त्याच घटकेस" त्याने काय केलं? पौल आणि सीला यांचे घाव धुतले. दिवसा पडलेले फटके, पाठीवर रक्त सुकलेलं, पाय खोड्यात घातलेले, आणि ते खोडे त्यानेच घातले होते. तोच माणूस पाणी आणून त्या पाठी पुसतोय. मग बाप्तिस्मा, मग आपल्या घरात त्यांना जेवण. सगळी शिकवण समजण्याआधी त्याला हातापुढचा घाव दिसला.

तुमच्या हातापुढे काय आहे?

---

काठावर

आहे एक. मंडळीतले एक काका दर रविवारी दुपारी रुग्णालयात जातात, ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशा रुग्णांकडे. मला कितीदा म्हणालेत, चल. मी म्हणतो, मला अजून विश्वासाचं नक्की नाही, मी तिथे काय सांगणार?

---

रात्रपाळी

काही सांगायचं नसतं तिथे! दादा, हे माझं रोजचं जग आहे, मी सांगते. या रविवारी जा.

आधी सिस्टरना विचारा की कोणत्या खाटेशी जाऊ, कुणाला भेट चालेल. हात धुवा. खाटेवर बसू नका, स्टूल ओढून बसा, म्हणजे तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येतील. उभं राहून बोललात तर रुग्णाला वाटतं तुम्ही निघण्याच्या बेतात आहात. "काय झालंय?" हा प्रश्न ते दिवसभर ऐकतात, तुम्ही विचारू नका. नाव विचारा, गाव विचारा, घरी कोण आहे ते ऐका. गप्प बसावं लागलं तर बसा. प्रार्थना करू का असं विचारा, नको म्हणाले तर नाही करायची, आणि तरीही बसून राहायचं. पाणी पाजण्याआधी सिस्टरना विचारा, काहींना मनाई असते. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

---

काठावर

काकांना फोन केला. अडीच वाजता गेटपाशी भेटायचं ठरलंय. निघताना काय म्हणायचं असतं?

---

रात्रपाळी

"येतो" म्हणा. पुन्हा येणार असाल तरच वार सांगा, कारण ती माणसं तो वार धरून बसतात. सांगितलात तर त्या वारी जा, काका नसले तरी. वॉर्डच्या दाराशी पाटी असते तिथे भेटीच्या वेळा बघून ठेवा, रविवारी कधीकधी वेगळ्या असतात.